गाडी, विमान आणि पायमशीन

गोव्याला गाडीने जायचं की विमानाने, हे आमच्या घरात अख्खा एप्रिल ठरत नव्हतं. कसेही गेलो तरी प्रवासाचा खर्च ह्यांची कंपनी देणार होती, म्हणून पैशाचा मुद्दा पहिल्याच दिवशी बाजूला पडला. राहिले ते बाकीचे. गाडीने गेलं तर पहाटे निघून चिपळूणला मुक्काम आणि दुसऱ्या संध्याकाळी पणजी. येताना पुन्हा तेच. म्हणजे निम्मी रजा रस्त्यात. शिवाय कशेडी घाट. मुलगी तेव्हा चौथीत होती आणि घाट लागला की तिला ओकारी यायची. आदल्या वर्षी महाबळेश्वरला जाताना तिने स्वतःच्या फ्रॉकची, माझ्या साडीची आणि मागच्या सीटची वाट लावली होती.

विमानाच्या बाजूने एकच मुद्दा पुरेसा होता. तासाभरात गोवा. आम्ही अंधेरी पूर्वेला राहायचो. दिवसभर विमानं डोक्यावरून जात, इतकी खालून की बोलणं मध्येच थांबवावं लागे. त्यातल्या एकातही आमच्यापैकी कोणी कधी बसलं नव्हतं.

ह्यांना मात्र गाडीच न्यायची होती. "गाडी काय भाजी आणायला घेतली आपण?" हे म्हणत.

"मग घाटात तिच्यापुढे पिशवी तुम्ही धरा."

"मी गाडी चालवू की पिशवी धरू?"

इथे बोलणं दर वेळी अडायचं. शेवटी मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. विमानाची तिकिटं वेटिंगवर टाकली आणि गाडी सर्व्हिसिंगला दिली. दोन्ही तयाऱ्या पुऱ्या ठेवायच्या आणि ऐन वेळी जे जमेल ते करायचं. ऑफिसात माझ्या ह्या पद्धतीचं कौतुक व्हायचं. मीही ते खुशाल करून घ्यायची.

आमच्या इमारतीत निम्मी घरं कोकणातली. गाडी गोव्याच्या रस्त्याने जाणार म्हटलं की ती आपली एकट्याची राहत नाही. वाटेत ज्यांची ज्यांची गावं, त्यांचं त्यांचं काहीतरी डिकीत जातं. आईची औषधं, भाच्याचे बूट, एखादी चादर. त्यात मागण्यासारखं किंवा उपकारासारखं काही नसतं, तशी रीतच आहे. ह्यांनी एका रविवारी खाली गाडी धुताना 'गोव्याला निघालोय' एवढंच म्हटलं, आणि तळमजल्यावरचे शेजारी बाहेर आले. ते कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला लागले होते. त्यांची धाकटी बहीण विधवा होऊन गावी माहेरी राहत होती. तिच्यासाठी त्यांनी शिलाईचं जुनं पायमशीन घेतलं होतं. गावच्या शाळेच्या गणवेशांचं काम तिला मिळालं होतं आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ते पुरं करून द्यायचं होतं. एस.टी.च्या टपावर बिडाचा स्टँड तडकेल अशी त्यांना भीती होती.

"कॅरिअरवर स्टँड, मागे मशीन. नेऊ की," हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी मशीन वर आलं. स्टँड आमच्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून उभा राहिला आणि त्यावर शेजाऱ्यांच्या बायकोने फुलाफुलांची चादर घातली. "वैनी, मशीन वाटेत येता का? येत असला तर सांगा," असं शेजारी दोनदा म्हणाले. मी नाही म्हटलं. विमानाचं वेटिंग आहे हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण वेटिंग लागेल असं कुठे नक्की होतं? नक्की नसलेली गोष्ट मी बोलत नाही. शेजाऱ्यांनी बहिणीला पत्र टाकलं. वरच्यांची गाडी अमुक दिवशी दुपारी, हायवेवर गावाचा रस्ता फुटतो त्या तिठ्यावर पोचेल, बैलगाडी घेऊन तिथे थांब.

निघायच्या दोन दिवस आधी एजंटचा ऑफिसात फोन आला. तिकिटं पक्की झाली होती.

मी त्याला विचारलं, "शिलाई मशीन विमानात नेता येतं का? पायाचं."

तो हसला. "बाई, शिवलेले कपडे न्या ना. दुकान कशाला नेताय?"

तिकिटं सोडायची की घ्यायची हे त्याला पाच वाजेपर्यंत हवं होतं. तेवढा वेळ माझ्याकडे होता. टेबलावर फायली होत्या, त्या मी भराभर हातावेगळ्या केल्या. पॅसेजमधलं मशीन मला दिसत होतं, आणि घाटात पिशवी धरून बसलेली मुलगीही दिसत होती. पाच वाजायच्या आधीच मी त्याला घेतो म्हणून कळवलं.

घरी ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना तू सांग."

"नेऊ असं तुम्ही म्हणालात."

"आणि तिकिटं कोणी काढली?"

मी खाली गेले. शेजारी जेवायला बसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, मुलीच्या ओकाऱ्यांसकट. त्यांची बायको ताटावरून माझ्याकडे बघत राहिली. ते म्हणाले, "बरां झालां, पोरगी विमानात बसतली." मग ताटाला हात न लावताच उठले आणि शर्ट चढवला. "तार करून येतंय."

"जेवून जा," मी म्हटलं.

"तार आधी," ते म्हणाले.

विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती, तिला काही झालं नाही. ह्यांनी हवाईसुंदरीने दिलेल्या गोळ्या दोनदा घेतल्या. मी घड्याळ बघत होते. तार पोचली असेल का, एवढंच डोक्यात होतं. कुडाळपर्यंत पोचली तरी पुढे गावात कोण नेणार?

पणजीत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "कुडाळची एस.टी. किती वाजता आहे बघून या." हे कशाला म्हणून विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी वेळ आधीच विचारून ठेवली होती.

तिठ्यावर उतरून आम्ही चालत गावात गेलो. बहीण अंगणातल्या मांडवाखाली बसली होती. भोवती निळ्या आणि पांढऱ्या कापडाचे बेतून ठेवलेले ढीग होते. ती हाताने शिवत होती.

आम्ही कोण ते सांगितल्यावर ती पटकन उठली. मुलीला कोकम सरबत दिलं, ह्यांना खुर्ची दिली. तार मिळाली का, मी विचारलं.

"गावली. पण दुसऱ्या दिवशी." ती हसली. "मी तिठ्यार सांजपर्यंत बसलंय. गाडी दिसली की उठा, गाडी दिसली की उठा. गाडीवालो म्हणता, बाये, माझे बैल म्हातारे होतत आता."

हेही हसले. मला हसता आलं नाही. मशीन घेऊन भाऊ आता महिनाअखेर सुट्टी मिळाली की येणार होता, टपावर बांधून. मी विचारलं, तोवर किती होतील? ती म्हणाली, हाताने होतील तेवढे.

"आणि बाकीच्यांचे?"

"ज्येंचे फाटले हत, तेंका पयले. बाकीचे जुनेच घालून येतले."

हा क्रम तिने आधीच लावून ठेवला होता. कापडाचे ढीगही त्याच क्रमाने होते. मी काही सुचवायला जागाच नव्हती. मी सुई मागून घेतली आणि चड्ड्यांच्या कडांना दुमड घालत बसले. मुलगी कुत्र्याशी खेळत होती, हे विहिरीवर जाऊन आले. दुपारभर मी वर बघितलं नाही. संध्याकाळी निघताना तिने मी शिवलेल्या चड्ड्या उचलल्या, उलट्या केल्या, एकेक टाका नखाने उचलून पाहिला.

"वैनी, राग मानू नकात. ह्यां उसवूचां लागतलां."

"सगळं?"

"पोरां झाडार चढतत. चार दिवसांत सुटतलां."

तिने ते माझ्यासमोर उसवलं नाही. आम्ही वळणावर गेल्यावर मी मागे पाहिलं, तेव्हा ती पुन्हा बसली होती आणि दोरा दातांनी तोडत होती.

महिनाअखेरची सुट्टी भावाला मिळाली नाही, मशीन जूनमध्ये पोचलं. शाळा उघडल्यानंतर. शेजाऱ्यांनी आम्हाला हे आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा सांगितलं. स्टँड तडकला नव्हता. उरलेले गणवेश मात्र शाळेने कुडाळच्या शिंप्याकडे दिले होते.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गाडीने गेलो. मी मुलीसाठी गोळ्या, लिंबं, पिशव्या सगळं जय्यत घेतलं, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी स्वतः खाली जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं की ह्या वेळी नक्की गाडी आहे, तिकिटं काढलेलीच नाहीत, काही द्यायचं असेल तर द्या. कितीही मोठं असलं तरी चालेल.

दुसऱ्या मजल्यावरून चादरी आल्या, समोरच्यांकडून प्रेशर कुकर आला. डिकी भरत आली तरी मी एक कोपरा मोकळा ठेवला होता. निघायच्या आदल्या दिवशी जिन्यात शेजारी भेटले, तेव्हा मी पुन्हा विचारलं.

"नाय वैनी, काय नाय," ते नेहमीसारखं हसून म्हणाले. "एस.टी.न पाठवलंय."