हाताने दिलेलं घर

सरलाबाईंना साधं समजायची चूक कोणी करू नये. सांगलीला जन्मभर शिवणाचे क्लास घेतलेली बाई. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा बाणा. लेकीकडे कोलकात्याला राहायला आल्या तेव्हा बंगालीचा गंध नव्हता, तरी पहिल्याच महिन्यात गार्डन रीचच्या बाजारात एकेक परवर स्वतः निवडून घेऊ लागल्या. भाजीवाला कुरकुरला, मग त्यानेच हात टेकले.

लेक देवयानी तिथेच रेल्वेच्या मुख्यालयात नोकरीला. जावई विनायक ऐन चाळिशीत झोपेतच गेला. मूलबाळ नाही, सासू-सासरे आधीच गेलेले. राहता राहिला विनायकचा भाऊ हेमंत. तो तेरावं होईपर्यंत थांबला, जाताना दादाची आठवण म्हणून मोटारसायकल रेल्वेने बुक करून घेऊन गेला, आणि पुन्हा वहिनी जिवंत आहे की नाही म्हणून साधा फोन नाही! असो. सरलाबाईंनी तेव्हाच निर्णय घेतला. सांगलीचं राहतं घर विकलं आणि आलेला सगळा पैसा देवयानीच्या फ्लॅटमध्ये घातला. देवयानी मागे लागली होती, कागदावर तुझंही नाव घालू या. पण यांनी साफ नाही म्हटलं. मी गेल्यावर तुला पुन्हा कचेऱ्यांच्या खेपा कशाला, म्हणाल्या. आधी आपण जाणार, मग कधीतरी लेक, यात त्यांना शंकाच नव्हती. कुठल्या आईला असते?

मग लीनाचं झालं. लीना म्हणजे देवयानीची मैत्रीण. तीही विधवा, तिलाही मूल नाही, आणि तिच्याही जवळ तिची म्हातारी आई, मंगलाबाई. दोन्ही म्हाताऱ्यांची चांगली गट्टी जमली होती. पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि हसतीखेळती लीना आठवड्याच्या आत गेली. तेराव्याला सरलाबाई स्वयंपाकघरात मंगलाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या, तेवढ्यात लीनाचा दीर आत आला. आरडाओरडा नाही, काही नाही. उलट हात जोडले.

"मावशी, घाई मुळीच नाही," तो म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत राहा खुशाल."

मंगलाबाईंना कळेचना. लेकीने पगारातून घेतलेलं घर, यात हा कोण? त्या माणसाने अगदी आदराने समजावून सांगितलं, की लीनाने मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा कायद्याने घर त्याचं आहे. आणि बाहेर जाऊन तो जेवायला बसला. जेवला पण! सरलाबाईंना त्याचंच जास्त लागलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी देवयानीला विचारलं, आपल्या घराचं काय? देवयानी हसली. अगं, सगळीकडे नॉमिनी तूच आहेस, म्हणाली. पण सरलाबाईंनी धसका घेतला होता. त्यांनी लेकीला सुट्टी काढायला लावली आणि सियालदहला कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे नेलंच.

वकीलबाई बंगाली, हिंदीतून बोलत होत्या, आणि बाईंनी काहीही गोड करून सांगितलं नाही. नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिचं स्वतःचं घर नवऱ्याच्या वारसांना जातं. म्हणजे इथे हेमंतला. आईचा नंबर त्यांच्यानंतर.

"जन्म मी दिलाय हिला," सरलाबाई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या, पण वकीलबाईंना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

आणि एवढ्यावर भागलं नाही. पैसे कुठून आले, हे ऐकल्यावर वकीलबाई म्हणाल्या, माताजी, सांगलीचं घर तुमच्या पश्चात मुलीला वारशाने मिळालं असतं, तर कायद्याने ते तिच्या मागे माहेरी परत आलं असतं. तुम्ही जिवंतपणी हाताने दिलंत. ते तिचं स्वतःचं झालं, म्हणून सासरी जाणार.

लेकीला त्रास नको म्हणून सरलाबाईंनी जे केलं, त्यानेच आपलं छप्पर त्या मोटारसायकलवाल्याच्या नावावर जायची सोय करून ठेवली होती! घरी आल्यावर त्या धुमसत राहिल्या. स्वतःचा राग, हेमंतचा राग, कायदा लिहिणाऱ्याचा राग. त्याला आई नव्हती का, असं त्या भिंतीकडे बघून विचारायच्या. उपाय सोपा होता, देवयानीने मृत्युपत्र करायचं. पण तिला ऑफिसातून सवड होईना. सरलाबाईंनी तगादाच लावला. सकाळी चहाबरोबर मृत्युपत्र, रात्री जेवताना मृत्युपत्र. एव्हाना मंगलाबाईही यांच्याच घरी राहायला आल्या होत्या. त्यांच्याकडे पाहिलं की सरलाबाईंचा धीर सुटायचा.

अखेर दिवस ठरला. वकीलबाईंनी मजकूर तयार ठेवला होता, ऑफिसातले दोघे साक्षीला आले होते. आईने दबाव आणला असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून सरलाबाईंना बाहेर बाकावर बसवलं.

दार लागलं, आणि तिथे एकटं बसल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात आलं, की आपण इतके दिवस नेमकं काय मागत होतो. हा कागद आपल्या उपयोगी पडायचा, तर आधी देवयानी जायला हवी. चहाबरोबर, जेवताना, आपण तेच बोलत होतो. आत जाऊन सही थांबवावी असं वाटलं, पण घरी मंगलाबाई होत्या, बेघर झालेल्या. त्या बसूनच राहिल्या.

देवयानी बाहेर आली, हसतच. घे बाई एकदाचं, म्हणत तिने लिफाफा पुढे केला. सरलाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "हे माझ्या हातात येईल, त्या दिवशी मला घर घेऊन काय करायचंय?"

देवयानीचं हसू मावळलं. खाली रस्त्यावर सियालदह स्टेशनातून सुटलेली गर्दी अंगावर येत होती. सरलाबाईंनी लेकीचं मनगट धरलं, लहानपणी शाळेत सोडताना धरायच्या तसं. रस्ता ओलांडून झाला, टॅक्सी मिळाली, तरी त्यांनी ते सोडलं नाही.