उपवासाचा रकाना

मला माफी हवी होती, तीही आठ बायकांसमोर. वजन कमी करणं हा तिथवर पोचायचा रस्ता होता, एवढंच. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली भोपाळच्या बरखेड्यात दोन-तीन जणी मला रस्त्यात थांबवून "तुमच्याकडून प्रेरणा मिळते" असं म्हणतात, आणि त्या प्रेरणेच्या मुळाशी काय होतं ते त्यांना माहीत नसतं.

माझी थोरली जाऊ भोपाळमध्येच, अवधपुरीत राहते. दीर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तिथे घर बांधलं. माझ्या नवऱ्याच्या नोकरीची चार वर्षं बाकी आहेत, म्हणून आम्ही अजून बरखेड्याच्या क्वार्टरमध्येच आहोत. जाऊबाई मूळच्या ग्वाल्हेरच्या, मी साताऱ्याहून लग्न होऊन भोपाळला आलेली. गेल्या वर्षी त्यांनी अकरा किलो वजन उतरवलं. उतरवलं हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्यानंतर त्यांनी आपला तक्ता झेरॉक्स करून ओळखीच्या मराठी बायकांना वाटला आणि फोनवर ग्रूप काढला. आठ जणी आल्या, नववी मी.

तक्ता असा होता: पहाटे पाचला उठून लिंबू-मध-गरम पाणी, मग दहा हजार पावलं झपाझप, दुपारी बारापर्यंत फक्त फळं, भात बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही. तळाशी बारीक अक्षरात, "उपवासाचे दिवस वगळून." त्या ओळीकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या हॉलमध्ये वजन व्हायचं. चपला बाहेर, पर्स सोफ्यावर, एकेकीने काट्यावर उभं राहायचं आणि जाऊबाई आकडा मोठ्याने वाचणार. जूनमध्ये माझं वजन ब्याऐंशीच्या थोडं वर होतं. जुलैत त्यात अर्धा किलो वाढला. ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात, जाऊबाईंनी आकडा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पुन्हा वाचला.

"त्र्याऐंशी पॉइंट चार. अगं, हे काय? वाढतच चाललीस."

"मी तक्ता पाळते आहे, वहिनी. रोजचं लिहिते आहे." मी पर्समधून डायरी काढली.

"लिहायला काय, काहीही लिहिता येतं. मशीन थोडीच झूठ बोलणार?"

"पाचला उठते. बारापर्यंत फळं. भात तीन महिने तोंडात घातलेला नाही."

"आणि मधल्या वेळात डबे कोण उघडतं? थांब, भावजींनाच विचारते. घरातल्या चकल्या किती दिवस टिकतात ते त्यांना बरोबर ठाऊक असेल."

आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या.

"हसू नका गं, तिला बुरा वाटेल," जाऊबाई म्हणाल्या. "पण बघ, चोरून खायचं तर खा, तुझंच घर आहे. फक्त खाते म्हणून सांगून टाक. नाहीतर बाकीच्यांचा जोश कमी होतो."

मी सव्वीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. माझ्या सहीवर माल बाहेर जातो. या सव्वीस वर्षांत माझ्या रॅकवरचं एक बेअरिंग इकडचं तिकडे झालेलं नाही. मला जाड म्हणा, म्हातारी म्हणा, माझी काही तक्रार नाही. चोर म्हटलेलं मी ऐकून घेणार नव्हते. त्या दिवशी चहा प्यायले, कपबशी विसळून ठेवली, सगळ्यांना "येते" म्हटलं आणि घरी येऊन यादी केली.

१. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याच काट्यावर, त्याच आठ जणींसमोर उभं राहायचं.
२. कमीत कमी आठ किलो.
३. मी चोरून खात नव्हते, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं.
४. तोवर सगळ्या कार्यांना जायचं, हसायचं, काही दाखवायचं नाही.

नवऱ्याने खांद्यावरून वाचलं. "हे वजनाचं आहे की खटल्याचं?"

"दोन्हीचं."

"पुढच्या तारखेला मला साक्षीला बोलावू नकोस," तो म्हणाला आणि टीव्हीपुढे जाऊन बसला.

पहिलं काम डॉक्टरचं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक निघालं, साखर काठावर होती, उजव्या गुडघ्याला सूज होती. डॉक्टरबाईंनी जाऊबाईंचा तक्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ये किसका है?"

"मेरी जेठानी का."

"तो जेठानी को करने दीजिए. आप अपना बनाइए. क्या खाती हैं, कब भूख लगती है, घुटना कब दुखता है, सब लिखिए, फिर आइए."

लिहायला सांगणारी डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटली. मी काटा विकत आणला आणि डायरीत रकाने आखले: खाल्लेलं, भूक, झोप, गुडघा, वजन. जाऊबाईंचा तक्ता बंद केला नाही. आधी त्याचीच तपासणी करायची होती.

आमच्या स्टोअरमध्ये साठा जुळत नाही तेव्हा नवी पोरं आहेत त्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत बसतात. त्यात काही निघत नाही. जिथे नोंदच नाही तिथे बघायचं असतं. दोन आठवड्यांनी मी डायरी तशी वाचली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी काटा वर जात होता. सोमवारच्या आणि गुरुवारच्या पानावर खाल्लेल्याच्या रकान्यात एकच शब्द होता: उपवास. पुढे काही नाही. चतुर्थीला तेच, एकादशीला तेच. साताऱ्याला माझ्या आईनेही हेच केलं असतं. उपवास म्हणजे खाल्लेलं नाही, मग लिहायचं काय?

पुढच्या सोमवारी मी सगळं मोजून घेतलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दोन बशा, त्यात वाटीभर दाण्याचं कूट, दोन बटाटे आणि तूप. दुपारी डब्यात रताळ्याचा कीस आणि बटाट्याचा चिवडा. चारला दुधाची कॉफी. संध्याकाळी सातच्या आत वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, कारण दिवसभर उपास घडलेला. मी ते एकाखाली एक लिहिलं तेव्हा पान भरलं. आठवड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवसाचं पान अर्ध्यावरच संपत होतं.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. जाऊबाई निम्म्या बरोबर होत्या. मी चोरून खात नव्हते, पण नोंद न करता खात होते, आणि आमच्या स्टोअरमध्ये या दोन्ही गोष्टींना एकच चौकशी लागते.

खरं तर राग उतरायला हवा होता. तो वाढला. हे त्यांना कळलं असतं तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मला खिचडीवरून ऐकावं लागलं असतं. मी यादीत पाचवा मुद्दा घातला: वहिनींना कधीही कळू द्यायचं नाही.

सोमवार आणि गुरुवार मी सोडले. एकादशी ठेवली, पण दही, फळं आणि राजगिऱ्याची एक भाकरी एवढ्यावर, आणि तेही लिहून.

"देवाला सांगितलंस का?" नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं. त्याची हरकत दिसली नाही."

"मग मला सोमवारी काय?"

"पोळी-भाजी. तुझंही पोट बघितलंय मी."

त्यानंतर एकेक रकाना घेतला. फळांवर बारा वाजवले की चार वाजता मला अशी भूक लागायची की कॅन्टीनचे दोन समोसे कमी पडायचे. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही खाल्लं की चारची भूक मूठभर भाजलेल्या चण्यांवर भागायची. भात सोडल्यावर मला धड झोप लागत नव्हती. दुपारी एक वाटी, शीग न लावता, परत सुरू केला आणि रात्रीचा बंद ठेवला. पहाटे पाचला उठून मी दिवसभर जांभया देत होते. आता साडेसहाला उठते. झपाझप चालण्याने गुडघा संध्याकाळपर्यंत भाकरीसारखा फुगायचा. म्हणून चालणं तीन तुकड्यांत केलं. कारखान्याच्या फाटकापर्यंत पायी, जेवणाच्या सुट्टीत आमच्या लांबलचक शेडमधून दोन फेऱ्या, आणि संध्याकाळी जेवणानंतर क्वार्टरांच्या मधल्या गल्लीतून वीस मिनिटं सावकाश. डॉक्टरबाईंनी खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि बसायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सहा वेळा जमलं. प्रत्येक वेळी उठताना मी मनात "डबे कोण उघडतं?" असं म्हणायचे. त्याने बळ येतं, हे मी अनुभवाने सांगते. दिवाळीपर्यंत तीस झाले.

दिवाळीच्या फराळाला अवधपुरीला गेलो. जाऊबाईंनी चकलीचा डबा माझ्यापुढे धरला. "घे, आता तरी उघड उघड खा."

मी दोन घेतल्या, त्यांच्याकडे बघत सावकाश खाल्ल्या आणि घरी येऊन लिहिल्या. चकल्या दोन, वहिनींकडे. मी मुद्दाम सैल पंजाबी ड्रेस घालून गेले होते. त्यांना काही दिसलं नाही. मला मात्र दिसलं. त्यांच्या ब्लाउजच्या बाजूची शिवण उसवून आतला कपडा सोडलेला होता, आणि जुन्या शिवणीची रेघ तशीच होती. ग्रूपवर त्यांनी स्वतःचा आकडा टाकणं दसऱ्यानंतर बंद केलं होतं. रविवारची वजनं तर ऑगस्टनंतर झालीच नव्हती. मी ते लिहून ठेवलं. मला आनंद झाला, हेही खरं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. मी काळी चंद्रकळा नेसले आणि पदर घट्ट खोचला. हॉलमध्ये त्या आठही जणी होत्या. एक म्हणाली, "अगंबाई, ही कोण?" दुसरी माझ्याभोवती फिरून आली.

जाऊबाईंनी मला हळदीकुंकू लावलं आणि तिळगुळाची वाटी पुढे केली. तिळगूळ घेतल्यावर गोड बोलावं लागतं, म्हणून मी हात मागे घेतला.

"आधी काटा काढा, वहिनी."

"आज सणाचं कुठे मशीन बिशीन..."

"दिवाणाखालीच असेल." मी वाकून काढला. पूर्वी मला तसं वाकता येत नव्हतं, हे त्या आठ जणींनीही पाहिलं. मी उभी राहिले. "वाचा."

त्या वाचत नव्हत्या, म्हणून शेजारच्या बाईंनी वाचलं. "चौऱ्याहत्तर पॉइंट एक."

"ऑगस्टमध्ये किती होतं?" मी विचारलं.

"त्र्याऐंशी आणि काहीतरी," तिसरी म्हणाली. त्यांना माझा आकडा पाठ होता.

"ऑगस्टमध्ये वहिनींनी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की मी चोरून खाते. आज त्या खरं काय ते सांगतील."

"अगं, ते मजाकमध्ये..."

"मी ऐकते आहे."

जाऊबाईंनी कुंकवाचा करंडा तीनदा उघडला आणि मिटला. "बरं बाई. नव्हतीस खात चोरून. चुकलं माझं."

मी तिळगूळ घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग त्या बायकांमधली एक म्हणाली, "पण सोडलंस काय ते तरी सांग."

साबुदाणा, हा एक शब्द माझ्या जिभेवर होता. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. "ज्याचं त्याचं वेगळं असतं," मी म्हटलं. "आपलं आपण लिहून काढायचं." हे खोटं नाही. डॉक्टरबाईही हेच म्हणाल्या होत्या. पण मी ते का म्हटलं ते मला माहीत आहे.

निघताना जाऊबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "तुझा तक्ता दे ना," त्या हळूच म्हणाल्या. "माझं बरंचसं परत आलंय गं. सात किलो."

"माझा तक्ता तुमच्या कामाचा नाही, वहिनी. तुमचे गुडघे चांगले आहेत, तुम्हाला भात सोसत नाही. डॉक्टरबाईंचा पत्ता देते."

"तू एवढी कशी..." त्या थांबल्या. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पत्ता लिहून दिला. त्यांच्या ओट्यावर उद्याच्या एकादशीसाठी साबुदाणा भिजत घातलेला होता, चांगला दोन माणसांना पुरेल एवढा, आणि शेजारी दाण्याचं कूट. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

मला वाईट वाटलं का? घरी जाताना गाडीत नवऱ्याने हेच विचारलं. मी नाही म्हटलं, आणि आज चार महिन्यांनीही उत्तर तेच आहे. वजन अजून चौऱ्याहत्तरच्या आसपास आहे.

जाऊबाई दिवाळी अंक वाचतात, मासिकं वाचतात, हेही कधीतरी त्यांच्या हाती पडेल. तेव्हा त्यांना कळेल की त्या निम्म्या बरोबर होत्या आणि माफी त्यांनी पूर्ण दिली. ती त्यांना परत हवी असेल तर माझी हरकत नाही. फक्त दिली तशीच ती घ्यावी लागेल. त्या आठ जणींना बोलवावं लागेल, आणि या वेळी आधी वहिनींना काट्यावर उभं राहावं लागेल. आकडा मी वाचेन.