पुनमचा अर्धा गिलास

लातूरची पुनम एम.एस्सी.ला नांदेडच्या विद्यापीठात आली आणि वसतिगृहातल्या पोरींना एक नवलच बघायला मिळालं. कपडे खळबळून उरलेलं पाणी ती फरशी पुसायला राखून ठेवी, आणि कुणाला प्यायला देई ते अर्धाच गिलास. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळताना जे तिच्या अंगात मुरलं, ते गोदावरीकाठी येऊनही सुटलं नाही. एरवी बाई काही संत नव्हती हो! शाम्पूच्या पुड्या खुशाल खिडकीबाहेर भिरकावी. पर्यावरण दिनाच्या फेरीत लुबना, तिची खोलीतली मैत्रीण, घोषणांनी आवार दणाणून सोडत होती, तेव्हा ही डोक्यावरून चादर ओढून झोपली होती.

तरी दोघींचं मेतकूट असं जमलेलं, की एकीवाचून दुसरीला घास गोड लागेना.

एका रविवारी लुबनाची अम्मी, रजियाबी, देगलूरहून आल्या. लेकीला या परक्या पोरीबरोबर ठेवायचं की खोली बदलून घ्यायची, हेच बघायला. एस.टी.त उन्हानं भाजून निघालेल्या. पुनम माठाकडं धावली. घेऊन आली, अर्धा गिलास.

रजियाबींनी एक घोट घेतला. चेहरा उतरला.

"आमच्या वाट्याला अर्धाच का, बेटा?"

पुनमला आधी कळेचना. कळलं तेव्हा पायाखालची फरशी सरकली. अर्धा गिलास कुणी अपमान म्हणूनही घेईल, हे आजवर तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अम्मी, ती समद्यांनाच असं देती," लुबना कळवळून म्हणाली.

"तू तिचीच बाजू घेनार. सामान बांध. दुसरी खोली बगू."

रजियाबी उठल्या आणि उरलेलं पाणी ओतायला मोरीकडं वळल्या.

"खाला, थांबा! टाकू नका!"

पुनमनं गिलास हातातून घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा केला. सगळ्यांचं उरलेलं ती प्यायचीच. विचार करायला वेळ कुठला?

रजियाबी बघतच राहिल्या. "माझं उष्टं पिलीस?"

"मग काय मोरीला पाजू?"

लुबना फिसकन हसली. रजियाबी मात्र हसल्या नाहीत. पदरानं डोळे टिपत त्या पुन्हा कॉटवर बसल्या. "आन आनखी. लई तहान लागून राहिली."

पुनमनं आणलं. पुन्हा अर्धाच. "आधी एवढं घ्या, खाला. लागलं की परत देते."

त्यांनी तो संपवला, आणखी मागितला, तोही संपवला. मग घरून आणलेल्या डब्याचं झाकण काढत लेकीला म्हणाल्या, "हितंच ऱ्हा."