भोंग्याचा शोध

योकास्ता बाएझ माणसं हुडकते. हरवलेली नाही, कंपन्यांना हवी असलेली. सान्तियागोतल्या आमच्या कचेरीत तिचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे, त्यामुळे गेली नऊ वर्षं तिची बडबड मला फुकटात ऐकायला मिळते.

कामात बाई पक्की आहे. कुणी नवा फोटो टाकला, दाढी कोरली आणि साहेबांच्या पोस्टला अंगठा द्यायचा बंद झाला, की ती म्हणते, हा पंधरा दिवसांत नोकरी सोडणार. बहुतेक वेळा सोडतोच. शोधाच्या चौकटीत अवतरणचिन्हं आणि वजाबाकीची चिन्हं घालून ती चाळीस हजार नावांतून सात नावं बाहेर काढते. दुसऱ्या कंपनीच्या नाताळच्या जेवणाचे फोटो मोठे करून कोण तोंड पाडून बसलंय तेही बघते. ती याला अभ्यास म्हणते. माझी आई याला चोंबडेपणा म्हणाली असती.

गेल्या वर्षी आमच्या मालकांनी, फाउस्तोसाहेबांनी, परदेशातून एक सॉफ्टवेअर आणलं. ते अर्ज वाचायचं, गुण द्यायचं आणि नको असलेल्याला परस्पर नकाराचं पत्र धाडायचं. साहेब तर लेकाला पहिला नंबर मिळाल्यासारखे मिरवत होते. पण काय नको, हे त्याला कुणीतरी सांगावं लागायचं, आणि ते काम योकास्ताकडे आलं. नकाराच्या पत्रांखाली नावही तिचंच जायचं. एका सोमवारी चार हजार अर्ज येऊन पडले. जेवायची वेळ झाली होती. तिने दोन मिनिटांत एक नियम लिहिला: आधीच्या कंपनीचं नाव नसेल तर अर्ज बाद. आमच्याकडे निम्मं शहर चिरिपेरो, म्हणजे मिळेल ते सुटं काम करून जगणारं. मीसुद्धा बारा वर्षं तेच केलं. पण मी काही बोललो नाही, कारण मलाही भूक लागली होती.

मग लिसेई गावातल्या कोंबड्यांच्या शीतगृहाचं काम आलं. त्यांना अमोनियावर चालणारी जुनी यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक हवा होता. सॉफ्टवेअरने वातानुकूलन यंत्रं विकणारे तीन जण काढून दिले. त्यातला एक तर अमोनिया म्हटल्यावर फरशी पुसण्याबद्दल बोलायला लागला. तीन आठवडे गेले. फाउस्तोसाहेबांनी योकास्ताला बोलावून सांगितलं की शुक्रवारपर्यंत माणूस आला नाही तर तिचं टेबल रिकामं करायचं. मग मशीन आहे आणि मशीन चालवायला कुणीतरी स्वस्तातलं मिळेल. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. तिच्या घरी आई आहे, दोन मुली आहेत आणि एक नवरा आहे, ज्याला ती मुलींमध्येच धरते. त्या दिवशी ती दुपारी जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने नाव शोधणं सोडलं आणि ती तक्रारी शोधायला लागली. बर्फाच्या कारखान्यांची पानं, आइस्क्रीमवाल्यांची पानं, खाटकांचे गट. जिथे जिथे कुणी यंत्र बंद पडल्याची बोंब मारली होती, तिथे खाली कुणीतरी लिहिलेलं असायचं: भोंग्याला बोलवा. एका बर्फाच्या कारखान्याच्या वाढदिवसाच्या फोटोत, केकच्या मागे, हातात पाना धरलेला एक किरकोळ माणूस होता. खाली लिहिलं होतं, भोंगा नसता तर आज केकसुद्धा वितळला असता.

आता भोंग्याचं खरं नाव काय? ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. बाप्तिस्म्याचं नाव देवाला आणि सरकारला कळवायचं, बाकी सगळा जन्म टोपणनावावर काढायचा. माझ्या सख्ख्या चुलत्याचं खरं नाव मला त्याच्या शवपेटीजवळ कळलं, आणि मी क्षणभर चुकीच्या घरी आलो असं समजलो. कारखान्याच्या मॅनेजरकडेही भोंगा एवढंच नाव होतं. फोन नंबर मात्र होता.

गुरुवारी सकाळी मी तिला माझ्या गाडीतून सिएनफ्युएगोस वस्तीत नेलं. भोंगा ओसरीत एक कॉम्प्रेसर उघडून बसला होता. आवाज इतका बारीक की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि म्हणूनच वस्तीने त्याचं हे नाव ठेवलं होतं. बायकोने कॉफी दिली. योकास्ताने यंत्राबद्दल चार प्रश्न विचारले. चौथ्या उत्तरानंतर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लॉटरी लागली होती. मग ती म्हणाली की नोकरी पक्की समजा, फक्त कागदावर असेल ते नाव सांगा.

“पोलिकार्पो अल्मोन्ते,” तो म्हणाला.

तिने फोनमध्ये नाव घातलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: हा उमेदवार अकरा वेळा नाकारला आहे. नियमकर्ता: यो. बाएझ. अकराच्या अकरा अर्जांत आधीच्या कंपनीच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता, चिरिपेरो. शेवटचे दोन अर्ज तर ह्याच शीतगृहाच्या जागेसाठी होते.

भोंगा तिचं कार्ड वाचत होता. “तुम्हीच का त्या योकास्ता बाएझ? तुमची पत्रं येतात मला.”

“अकरा आली,” त्याची बायको आतून म्हणाली. “लग्नाआधी ह्याने मला दोन लिहिली होती.”

तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. त्याला वाटत होतं की एवढ्या मोठ्या कचेरीतल्या बाईंनी अकरा वेळा वाचून नको म्हटलं, म्हणजे आपल्यातच काही कमी असेल. सहाव्या पत्रानंतर आपण संध्याकाळच्या वर्गाला जायला लागलो, असं त्याने सांगितलं. तिथे जे शिकवत होते ते त्याला आधीच येत होतं. योकास्ताने कॉफी खाली ठेवली.

परतताना मी तिला शहाणपण शिकवलं. म्हटलं, “त्याच्या बायकोचा फोन नंबर घाल, नवा माणूस म्हणून नोंद कर. साहेबाला काय कळतंय? तुझं टेबल वाचेल आणि त्याला नोकरी मिळेल.”

“आणि ती अकरा पत्रं?”

“ती गेली.”

“ती त्याच्या घरी आहेत, बाबा. त्याने जपून ठेवलीत.”

तिने त्याला जुन्याच नावाने, जुन्याच नोंदीवर पाठवलं. आधी नाकारलेला माणूस परत का घेताय, असं सॉफ्टवेअर विचारतं आणि कारणांची यादी पुढे करतं. उमेदवाराने शिक्षण वाढवलं, उमेदवाराने चूक सुधारली, उमेदवाराने पगाराची अपेक्षा कमी केली. चूक आमची होती, हे कारण त्या यादीत नव्हतंच. तिने ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं: मी न वाचता नाकारलं.

शुक्रवारी फाउस्तोसाहेबांनी ते वाक्य सगळ्या कचेरीसमोर मोठ्याने वाचलं. वर म्हणाले की मशीन बरोबरच होतं, चूक बाईची निघाली. मला लाज वाटली, तिच्यासाठी आणि त्या सोमवारच्या माझ्या भुकेसाठी.

“खरं आहे,” योकास्ता म्हणाली. “त्याच नियमाने आणखी तीन हजार दोनशे माणसं बाहेर पडलीत. टेबल घ्यायचं तर घ्या, पण आधी मला ती वाचू द्या.”

साहेबांनी तिला महिनाअखेरपर्यंत ठेवलं. माणुसकी वगैरे काही नाही. शीतगृहाने भोंग्याला घेतलं होतं आणि त्याच्यासारखे आणखी दोघे मागितले होते.

ती जागेवर येऊन बसली, नियम पुसला, यादीतलं पहिलं नाव उघडलं आणि फोन लावला.

“मी योकास्ता बाएझ,” ती म्हणाली. “तुम्हाला पाच वेळा नको म्हणणारी बाई. फोन ठेवू नका.”

त्याने ठेवला. तिने पुन्हा लावला.