येळवशीचं आभाळ

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर शहर रिकामं होतं. दुकानांची शटरं खाली, क्लासच्या गल्ल्यांत सामसूम, रिक्षा थांब्यावर एखाददुसरी. सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात गेलेलं असतं. ज्यांना शेत नाही, त्यांना शेतवाले बोलावतात; आंबील प्यायला, ओल्या दाण्यांची भज्जी खायला. लातुरात राहून ज्याला येळवशीचं एकही बोलावणं नाही, असा माणूस विरळा. यंदा महामाया तशी उरण्याच्या बेतात होती.

ती मूळची भोकरकडची. लातुरात मार्केट यार्डाच्या मागं एका लहानशा कार्यालयात पीक-हवामानाचं काम करते. पाऊस कधी येणार, ते वेधशाळा सांगते; त्या पावसानं कुणाच्या शेतात काय जाईल, ते महामाया सांगते. मागच्या अनेक वर्षांचा पाऊस, थंडी, धुई म्हणजे धुकं, येत्या आठवड्याचा अंदाज आणि पीक कुठवर आलंय, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून ती पाहते. या धुईनं तुरीचा फुलोरा गळेल, या ढगाळीनं हरभऱ्यावर अळी येईल, असं तालुक्यावार ठरवते आणि स्वतःच्या आवाजात संदेश पाठवते. बाजारात ती “अर्धा किलो वांगी द्या” म्हणाली, की कधी कधी भाजीवाली मान वर करून बघते. आवाज ओळखीचा वाटतो, चेहरा नाही. मग ती वांगी तोलू लागते.

महामाया राहते दानम्मांच्या घरी, वरच्या खोलीत. खोली देताना दानम्मांनी आडनाव विचारलं होतं, ऐकून घेतलं होतं, थोडं थांबून मग भाडं सांगितलं होतं. पण पहिल्याच येळवशीला त्यांनी खालून हाक मारली, “माये, चल गं, एकटी काय बसतीस?” तेव्हापासून ती दर वर्षी निलंग्याकडं त्यांच्या शेतात जायची. ती शेती दानम्मांचा मुलगा वीरण्णा लातुरात राहूनच बघतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहायची, आत पाच दगडांचे पांडव मांडले जायचे, भोवती उभं पीक सळसळायचं, आणि अनोळखी बायका तिच्या ताटात हात आखडता न घेता वाढायच्या. वर्षात तेवढा एकच दिवस तिला कुणी अंदाज विचारत नसे.

त्या घराची एक रीत होती. येळवशीची पूजा होईपर्यंत तुरीला कोयता लावायचा नाही. काळ्या आईला भरल्या अंगानं जेवू घालायचं, मग काढणी.

गेल्या वर्षी महामायेनंच ती रीत मोडायला लावली. पिकलेल्या तुरीवर गारपीट येणार असं दिसत होतं. तिनं वीरण्णाला समोर बसवून समजावलं. त्यानं आईकडं बघितलं, आईनं देवाकडं, आणि तूर कापून ताडपत्रीखाली गेली. गारा पडल्या, पण नाल्यापलीकडच्या गावात. यांच्या रानात लख्ख ऊन होतं. नुकसान काहीच झालं नाही, दाणा न् दाणा घरात आला. पण येळवशीची पंगत बसली ती नुसत्या खुंटांमध्ये. वीरण्णाचे मामा किशनराव आंबिलीचा पेला तोंडाला लावून म्हणाले, “आभाळवाल्या बाईनं काळ्या आईचं डोकंच भादरलं की.” सगळे हसले. महामायाही हसली. वीरण्णा मात्र ताटातून मान वर न करता जेवला.

त्यानंतर तो तिच्याशी पूर्वीसारखाच बोलत होता; फक्त आभाळाचं काही विचारत नव्हता.

यंदा येळवस जवळ आली आणि पुन्हा तेच दिसू लागलं. सणाच्या दुपारपासून पाऊस, तोही रेंगाळणारा. पिकलेल्या शेंगा भिजतील, दाणा काळा पडेल. तिनं तालुक्याचा संदेश पाठवला. वीरण्णा ते संदेश आता ऐकत नाही, हे तिला माहीत होतं. सांगायचं तर तोंडानं, आणि दानम्मांनाच.

दानम्मा अंगणात भज्जीसाठी शेंगा सोलत बसल्या होत्या. बोलावणं याच वेळी यायचं. शेंगा सोलता सोलता, सहज. महामाया समोर बसली आणि तिनं शेंगांचा वाटा पुढं ओढला. ओले हिरवे दाणे परातीत पडत राहिले. गप्प बसलं तर बोलावणं येईल, हे तिला कळत होतं. एक येळवस पदरात पडेल. आणि पाऊस आलाच, तर पंगतीत बसून त्या उभ्या तुरीकडं बघावं लागेल.

“अक्का,” ती म्हणाली, “येळवशीला दुपारनंतर पाऊस दिसतोय. तूर पिकली असंल तर अण्णांना आधी कापायला सांगा.”

दानम्मांचे हात थांबले नाहीत.

“गेल्या साली बी दिसला हुता.”

“व्हय. तेव्हा चुकलं. यंदा बी चुकू शकतंय. पण मला दिसतंय ते सांगते.”

“तुझं काम तू केलीस. माझं काही म्हणणं न्हाई.” त्यांनी सालपटं गोळा केली. “पण यंदा वीरण्णा कोयता लावणार न्हाई. पीक जायचं तर जाऊ दे म्हणतोय.”

थोड्या वेळानं त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून तिच्यापुढं ठेवला.

“त्या दिवशी घर बघ. आम्ही सगळी जाऊ.” मग हलक्या आवाजात, “राग धरू नको माये. तुला बघितलं की त्याला आभाळ आठवतंय. सणाचा एक दिवस तरी त्यानं वर बघू नये, येवढंच.”

महामायेनं चाव्या उचलल्या. अजून गरम होत्या.

येळवशीच्या सकाळी जीप भरून माणसं गेली. शेवटी आंबिलीचं मडकं चढलं. गल्ली इतकी शांत झाली की कोपऱ्यावरच्या नळाचं ठिबकणं वरच्या खोलीत ऐकू येऊ लागलं. तिनं वडिलांना फोन लावला. व्यंकटी तेव्हा हळदीला पाणी देत होते.

“काय करून राहिली?”

“घर राखतेय, बाबा.”

“कुनाचं?”

“मालकिणीचं.”

“बरं हाय. इथं भोकरात बी आभाळ हाय बरं का. तुझ्या हापिसाला दिसत न्हाई वाटतं.” ते हसले.

“आमच्याकडं लातूरच येतंय फक्त.”

“म्हंजे परक्यांचं सांगतीस. जेवलीस का?”

“हाव,” ती म्हणाली. जेवली नव्हती.

दुपारी पश्चिमेकडून ढग आले. ती गच्चीवर गेली, दानम्मांची वाळत घातलेली लुगडी आणि मिरच्यांचं सूप आत आणलं. मग दारात उभी राहिली. पहिले थेंब पडले तेव्हा अंदाज खरा ठरल्याचा आनंद होतो का, हे तिनं मनाशी चाचपून पाहिलं. नाही झाला. निलंग्याकडचं आकाश जास्त काळं होतं.

दिवस मावळायच्या आत जीप परतली. सगळे भिजलेले. वीरण्णा जिन्याच्या तळाशी येऊन उभा राहिला.

“किती दिवस हाय?”

“उद्या दिवसभर. परवा उघडंल.”

“मग आता कापू का?”

“नका कापू, अण्णा. ओली कापून ढीग घातला तर आत तापंल, बुरशी धरंल. उभीच राहू द्या. ऊन पडून शेंगा वाजायला लागल्या की कापा.”

तो ऐकत होता. मान हलवून आत गेला.

मागून दानम्मा वर आल्या, झाकलेलं ताट घेऊन. “खा. गार झालंय. पंगत उठता उठता आला बघ, तेवढं बरं झालं.” मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “किशनराव म्हणत हुता, आभाळवालीला आणलं न्हाई तरी आलाच की पाऊस.”

दोघी हसल्या. दानम्मा क्षणभर उंबऱ्यात थांबल्या, जुडगा मागून घेतला आणि जिना उतरून गेल्या.

महामाया ताट घेऊन खिडकीशी बसली. भज्जी गार होती, पण चांगली लागत होती. खाली वीरण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होता, “उभीच राहू दे. ढीग घालू नको, आत तापंल. शेंगा वाजायला लागल्या की काप.” कुणी सांगितलं, असं पलीकडच्यानं विचारलं असावं. “न्हाई बा,” वीरण्णा म्हणाला, “आपल्याला एवढं ठाव असतंय की.”

पाऊस वाढला तसं पुढचं ऐकू येईना. तिनं ताटातला बाजरीचा उंडा मोडून भज्जीला लावला.