कुलपाला बांधलेला काठ

सत्तरच्या दशकात माझे यजमान मॉरिशसमधल्या ब्रीझे वेर्दिएर गावाजवळच्या साखर कारखान्यात फिटर होते. दुरुस्तीसाठी बॉयलरमध्ये शिरण्याआधी ते वाफेचा व्हॉल्व बंद करत, आपण आत असताना कोणी तो उघडू नये म्हणून त्याला साखळी घालून स्वतःचं कुलूप लावत आणि चावी करगोट्याला बांधून मगच आत जात. कुलपं मात्र सगळ्यांची सारखीच.

"माझ्या कुलपाला खुणेची एखादी चिंधी दे," ते एकदा म्हणाले.

मला रागच आला. जिवाच्या राखणीला चिंधी? मी पोर्ट लुईहून आणलेल्या माझ्या लग्नाच्या साडीचा मोरपंखी काठ वीतभर फाडून दिला. सासूबाई कितीतरी दिवस धुसफुसत होत्या.

पुढे गणपतीत त्यांच्याबरोबर काम करणारा एक फिटर आमच्याकडे जेवायला आला. मी तीच साडी नेसून वाढत होते. तो काठाकडे बघतच राहिला.

"वहिनी, हा तर आमच्या व्हॉल्ववर असतो," तो म्हणाला. "हा दिसला की तिथे कोणी हात लावत नाही."

हे मान खाली घालून मोदक खात राहिले. चारचौघांत त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. माझ्या साडीचा काठ मात्र सगळा कारखाना ओळखत होता.