पोपटांना सुरकुत्या

माझ्या हातून आयुष्यात एकच रेडिओ तयार झाला, आणि तो लोक बघायला यायचे, ऐकायला नाही.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहत होतो. मी कारखान्यात नकाशे काढायचो आणि सुट्टीच्या दिवशी घरभर तारा पसरायचो. रेडिओचं यंत्र मी जोडलं, लाकडी खोकं सुताराकडून करून घेतलं, आणि त्यावर तेलरंगात चित्र काढलं माझ्या बायकोनं, कुसुमनं. आंब्याची फांदी आणि तिच्यावर दोन पोपट. इतके जिवंत, की शेजारचं मांजर खोक्याभोवती घिरट्या घालायचं!

पुढच्या महिन्यात कुसुमचे वडील, अण्णा, बदलापूरहून यायचे होते. अण्णांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. गावभरच्या पोरांना ‘छान’ म्हणाले, पण लेकीच्या चित्राची गाडी ‘बरं आहे’च्या पुढे कधी गेली नाही. त्यामुळे कुसुम त्या खोक्याला डोळ्यांत तेल घालून जपत होती.

“अहो, रेडिओ तापणार, वर कुणीतरी चहाचा कप ठेवणार. रंग जाऊ नये म्हणून वरून काहीतरी आरपार दिसेल असं, टिकाऊ आणा.”

मी उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी लछूशेठच्या रंगाच्या दुकानात गेलो. त्यानं फ्रेंच पॉलिश, तेलाचं वार्निश आणि मोटारींवर मारायचा लॅकर असे डबे पुढ्यात मांडले.

“यातलं टिकाऊ कुठलं?”

“सब टिकाऊ है, साईं!”

“पण चांगलं?”

“सब अच्छा है, साईं!”

एवढं सखोल मार्गदर्शन मिळाल्यावर मी तिन्ही उचलले.

“आधी फळीच्या तुकड्यावर मारून बघा हं,” कुसुम कणीक मळता मळता म्हणाली.

“अगं, हा लॅकर मोटारीला उन्हापावसात पुरतो, तुझ्या पोपटांना पुरणार नाही?” (नकाशे काढणाऱ्या माणसाला प्रयोगाची गरज नसते!)

लॅकर मारला. घरभर पिकल्या केळ्यांसारखा वास सुटला. शेजारच्या गोदूताई ओरडल्या, “शिकरण का हो आज?” मी “हो” म्हणणार, तोच एका पोपटाच्या पोटावर सुरकुती उठली. मग दुसऱ्याच्या. बघता बघता दोन तरणेबांड पोपट पेन्शनीत निघाले! मी घाबरून फुंकर घातली. पंख्यानं वारा घातला. शेवटी सुरकुती बोटानं दाबायला गेलो, तर पोपटाचं पोटच बोटाला चिकटून आलं!

कणकेच्या हातांनी कुसुम बाहेर आली.

“दोन्ही गेले?”

“एकाची मान आहे अजून,” मी म्हणालो.

ती खोक्यापुढे बसली. आता रडणार, असं वाटलं, तर ती हसत सुटली! डोळे पुसून मग कितीतरी वेळ त्या सुरकुत्यांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “अहो, ही आंब्याच्या खोडाची साल दिसतेय.”

सगळं खडखडीत वाळल्यावर तिनं तपकिरी रंग घेतला आणि माझ्या एकेका सुरकुतीची साल केली. म्हातारं, खरबरीत, जिवंत खोड! त्यात एक ढोली, आणि ढोलीतून डोकावणारे दोन नवे पोपट.

वार्निशाला मात्र तिनं मला हात लावू दिला नाही. त्याच रंगानं फळीचे तुकडे रंगवले, वाळवले आणि त्यांवर एकेक डबा आजमावला. लॅकरनं तिथेही सुरकुत्या पाडल्या. फ्रेंच पॉलिशवर गरम कपाचं पांढरं कडं उमटलं. तेलाच्या वार्निशावर चहा झाला, खोबरेल झालं, लिंबू झालं, ते ढिम्म!

“तेलरंगावर तेलाचंच,” तिनं निकाल दिला आणि असा तलम हात मारला, की मी बघतच राहिलो. (मला काम होतं. ओल्या वार्निशावरच्या माश्या हाकलायचं!)

अण्णा आले. चष्मा लावून खोक्यापुढे बसले. खोडावरून हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं.

“कुसुम, ही साल कशी गं साधलीस? मला कधी जमली नाही.” मग म्हणाले, “छान. फार छान.”

“चहा आणते,” म्हणत कुसुम आत पळाली. चहा बराच वेळ आला नाही, आणि आम्हीही मागितला नाही.

मग अण्णांनी खोकं फिरवलं, मागची फळी काढली आणि माझ्या कलाकृतीकडे निरखून पाहिलं. मी कौतुकासाठी सरसावून बसलो.

“जावईबापू,” अण्णा हळहळले, “एवढं सुंदर खोकं, आणि आत हा कचरा कुणी टाकला हो?”